झरीचा ॲडमिन

झरीत सिद्धोधनला नावानं हाक मारणारी माणसं आता फार उरली नाहीत. आई मारायची, ती गेली. बायको 'अहो'वर भागवते. बाकी सगळं गाव त्याला ॲडमिन म्हणतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच आवडतं. रस्त्यानं जाताना कुणी 'सिद्धोधनभाऊ' म्हटलंच, तर दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तसा तो पुढं निघून जातो.

हे नाव कसं पडलं त्याचा किस्सा आहे. गावात इंटरनेटचा पहिला डबा बसला तो भगवानराव गुरुजींच्या घरी. गुरुजी निवृत्त शिक्षक, विहाराचे अध्यक्ष, आणि कुठलीही नवी वस्तू दिसली की चष्मा सावरत वाकून बघायची त्यांना भारी खोड. सिद्धोधननं भिंतीवर डबा ठोकला, मोबाइल त्याला जोडला आणि डब्याच्या आत शिरायला नाव टाकलं 'ॲडमिन'. परवलीचा शब्द टाकला तोही 'ॲडमिन'. लाल दिवा हिरवा झाला. खांद्यावरून वाकून बघणाऱ्या गुरुजींनी विचारलं, "म्हणजे ॲडमिन तू का रे?"

खरं उत्तर असं होतं की हे नाव आणि हा शब्द कारखान्यातूनच डब्यासोबत येतो, जगातल्या त्या बनावटीच्या सगळ्या डब्यांना तोच असतो, आणि डबा बसवला की तो आधी बदलायचा असतो. पण एवढं कोण सांगत बसतो? सिद्धोधन म्हणाला, "व्हय गुरुजी, मीच."

तसा तो तारेचा माणूस. जवानीत डिश केबलची तार खांद्यावर टाकून झरीतल्या माळवदांवरून फिरायचा. मग नेट आलं, मग मान फिरवणारे आणि आतून बोलताही येणारे कॅमेरे आले. कुणाच्या छताला कुठं ओल आहे, कुणाचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुणाचं न भुंकता चावतं, सगळं त्याला पाठ. कुठल्याही घरात तो सरळ आत, चुलीपर्यंत जाई आणि घरच्या बाया न लाजता चहाचा कप पुढं करत. ह्या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. तालुक्याच्या साहेबालाही ओसरीवरच बसवतात, आपल्याला आत बोलावतात, असं तो दहा वेळा धम्मशीलाला ऐकवायचा. ती म्हणायची, "बरं, जेवा आता."

गावातल्या सगळ्या डब्यांना आणि सगळ्या कॅमेऱ्यांना त्यानं तोच शब्द ठेवला, ॲडमिन. एवढ्या घरांचे एवढे शब्द ध्यानात कोण ठेवणार? वर आणखी एक शहाणपणा केला. डबे बाहेरूनही उघडतील अशी सोय चालू करून ठेवली, म्हणजे कुणाचं नेट अडकलं की त्याच्या घरी जायला नको. फोन आला की हा बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "बगा बरं आता." पलीकडं नेट सुरू! झरीच्या लोकांना तो चमत्कार वाटायचा. चमत्कार वाटत होता तोवर सिद्धोधनलाही तो चमत्कारच वाटायचा.

बदला म्हटलं तरी गावानं ते मनावर घेतलं नसतं म्हणा. व्यंकटरावांच्या पोरानं एकदा घरच्या वायफायचा शब्द बदलला. चुलत्याकडची मंडळी आली, मोबाइल काढले, लागेना. "आमच्यापासून लपवायलाय व्हय रे?" म्हणून चुलता चहा न घेता उठला. पुढं एका लग्नात दोन्ही घरांनी एकमेकांकडं पाठ करून पंगत केली. शेवटी व्यंकटरावांनीच ॲडमिनला बोलावून शब्द पहिल्यासारखा करून घेतला. दिवसाउजेडी दाराला कडी घातली की शेजाऱ्याचा अपमान होतो, असं मानणारं हे गाव. अशा गावात चोरी होत नाही अशी सिद्धोधनची खात्री होती. आणि गावातल्यांपुरती ती खरीही होती.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना धम्मपाल आला.

धम्मपाल म्हणजे सिद्धोधनचा साडू. धम्मशीलाची धाकटी बहीण संघप्रिया, तिचा नवरा. सासू सरजाबाई झरीतच, तीन आळ्या सोडून, एकटी राहायची. तिला मुलगा नाही, ह्या दोन मुली. थोरली गावातच दिलेली, त्यामुळं थोरला जावई हाच घरचा कर्ता. सरजाबाईचं काहीही अडलं की "थोरल्या जावयाला इचारते" हे ठरलेलं. धम्मपाल पुण्याच्या एका कंपनीत नेटच्याच विभागात कामाला होता. एक दिवस बायको, सामान सगळं घेऊन आला आणि म्हणाला, मामींना ह्या वयात एकटं ठेवणं बरं नाही. सरजाबाईच्या शेजारचं घर घेतलं, बसस्टँडजवळ लहानसं दुकान टाकलं आणि परभणीतल्या ऑफिसांची कामं करायला लागला.

"घरजावई!" सिद्धोधन पहिल्याच दिवशी म्हणाला. पण गाव हसलं नाही. गाव म्हणालं, किती गुणाचा पोरगा!

आता ह्या माणसाचा राग करावा तर कशावर करावा? झरीत तो एकही तार ओढत नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ते भाऊंचं काम, त्यांनाच बोलवा." आवाज हळू. कुणाच्या घरी गेला तर चपला बाहेर, चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवणार. बायकांशी बोलताना नजर खाली. सिद्धोधनच्या पोटात दुखायचं ते ह्याचमुळं. वैऱ्यानं निदान वैऱ्यासारखं तरी वागावं. ह्याचा एकही दोष सापडेना, म्हणून सिद्धोधनचा जळफळाट आणखी वाढायचा. कप विसळायची काय गरज? सगळ्यांना दाखवायला! घरी येऊन तो धम्मशीलापुढं नक्कल करायचा, कप विसळण्याची. धम्मशीला हसायची नाही. एकदा ती एवढंच म्हणाली, "तुमीबी एकांदा इसळून बगा." त्या रात्रीपासून घरातलाही एक माणूस फितूर झाल्यासारखं त्याला वाटायला लागलं.

पण खरा काटा रुतला तो नळीच्या दिवशी.

सरजाबाईच्या घरी रविवारी मटण झालं की रश्श्यातली नळी थोरल्या जावयाच्या ताटात, हा रिवाज. नळीचं मटण मागायचं नसतं, मिळालं तर मान असतो. सिद्धोधन तिला उपडी करून ताटावर ठक ठक आपटायचा, आतला मगज ओढून घ्यायचा, आणि त्या आवाजानं सगळ्या घराला कळायचं की कर्ता जेवायला बसलाय. त्या दिवशी सरजाबाईनं वाढता वाढता नळी धम्मपालच्या ताटात टाकली. मुद्दाम नव्हे. म्हातारीचं लक्ष बोलण्यात होतं, वाढायच्या डावात आली ती टाकली. पण सिद्धोधनच्या हातातला घास तिथंच थांबला.

आणि धम्मपालनं काय करावं? नळी उचलून हळूच सिद्धोधनच्या ताटात ठेवली. "भाऊ, तुमी घ्या."

ह्यापेक्षा त्यानं ती ठक ठक आपटून खाल्ली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्यानं दिलेला मान घशाखाली कसा उतरावा? सिद्धोधननं नळीला बोट लावलं नाही. ती तशीच ताटात गार झाली, वर पांढरी चरबी आली.

त्याच जेवणात धम्मपाल म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? तुमच्या डब्यांचं अन् कॅमेऱ्यांचं कारखान्यातलंच नाव तसंच हाय. ते बदला. बाहेरून उघडायचंबी बंद करा. लय धोका हाय त्यात."

बोलला तो काळजीनं. सिद्धोधनला ऐकू आलं ते असं की, भाऊ, तुम्हाला तुमचं काम येत नाही.

"आमच्या गावात कुनी कुनाच्या दाराला कडी लावत न्हाई," तो म्हणाला. "पुन्यात लावत असतील."

पुढं आठवड्याभरानं धम्मपाल त्याच्या घरी येऊन, एकट्याला गाठून, पुन्हा तेच सांगून गेला. मीही येतो, दोघं मिळून करू, म्हणाला. तेव्हा तर सिद्धोधनला सगळा डाव कळल्यासारखा वाटला. असं आहे काय! घरोघर हिंडायचं, चुलीपर्यंत जायचं, सगळ्यांचे शब्द स्वतः ठरवायचे आणि ॲडमिन व्हायचं. नळी झाली, आता गाव पाहिजे! त्यानं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की जग इकडचं तिकडं झालं तरी शब्द बदलायचा नाही. मनातल्या मनात त्याला हेही माहीत होतं की हीच गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर त्यानं दुपारीच ती केली असती. पण ते त्यानं स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितलं नाही.

मग तो रविवार उजाडला.

भगवानराव गुरुजींची सून नीलम न्हाऊन अंगणात केस वाळवत उभी होती. भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं मान वळवली. तिला वाटलं, वाऱ्यानं. ती धुण्याच्या दगडाकडं गेली, कॅमेरा तिकडं वळला. ती पाण्याच्या टाकीमागं गेली, तो खाली वाकला. तिनं ओले केस घाईघाईनं गुंडाळले आणि वर बघितलं, तेवढ्यात कॅमेऱ्यातून एक पुरुष हसला. मग काहीतरी बोलला. मराठी नाही, हिंदी नाही, कुणाच्या बापजन्मी ऐकली नाही अशी भाषा. पण तो काय म्हणत असेल हे कळायला भाषा लागत नव्हती. नीलमनं हातातला पितळी तांब्या असा भिरकावला की कॅमेऱ्याची मान मोडून लोंबायला लागली.

बातमी घराघरांत गेली आणि एकेक घर बोलायला लागलं. कस्तुराबाईच्या ओसरीतला कॅमेराही परवापासून वळत होता. कॅमेरा असलेल्या एकेका घरातून तेच निघालं. "मग बोलला कामून न्हाईत?" असं विचारलं तेव्हा सगळीकडून एकच उत्तर आलं.

"आमाला वाटलं, ॲडमिन बगायलाय."

बगायलाय म्हणजे तपासतोय, एवढाच त्यांचा अर्थ होता. पण दुपार होईतो तेच वाक्य गावभर फिरलं आणि फिरता फिरता त्याचा रंग पालटला. कॅमेऱ्याची चावी कुणाकडं? ॲडमिनकडं. बाहेरून उघडतं कोण? ॲडमिन. बाजेवर पडल्या पडल्या सगळं गाव दिसतं कुणाला? दुपारी सिद्धोधन आळीतून गेला तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या तोंडावर काही ना काही घातलेलं. कुठं पिशवी, कुठं उपडं टमरेल, कुठं जुन्या शर्टाची बाही. एरवी "या ॲडमिन, चहा घ्या" म्हणणारी कस्तुराबाई त्याला बघून आत गेली आणि तिनं दार लोटलं. भर दिवसा, झरीत, त्याच्या तोंडावर आतून कडी घातल्याचा आवाज आला.

घरी धम्मशीला उंबऱ्यात उभी होती.

"तुमी बगत व्हता का?"

"तू बी?"

"मी इचारलं. व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना."

"न्हाई."

तिनं उंबरा सोडून त्याला आत येऊ दिलं. मग म्हणाली, "मग गावाला सांगा. आजच सांगा. उद्या मला हापशावर जायचं हाय."

नावाला लागलेला असला डाग धुऊन जात नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर कमावलेली एकच गोष्ट होती, लोक चुलीपर्यंत येऊ देत. तीच आता जायला लागली होती.  तो बाजेवर बसला आणि मोबाइल काढून एकेक कॅमेरा उघडून बघायला लागला. ॲडमिन, ॲडमिन. उघडला. ॲडमिन, ॲडमिन. उघडला. कुठं पिशवीचं काळं, कुठं टमरेलाचं काळं. शेवटी सासूच्या घरचा टाकला. ॲडमिन, ॲडमिन.

उघडेना.

पुन्हा टाकला. शब्द चुकलाय, असं मोबाइल म्हणाला. हा कॅमेरा त्यानंच स्वतःच्या हातानं बसवलेला, आणि त्याचा शब्द कुणीतरी बदललेला. आणि आता आठवलं, गावात ज्या घरातून आज ओरड आली नाही, ज्या कॅमेऱ्यानं मान वळवली नाही, असं सरजाबाईचं घर!

कोण शिरला असेल हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? आणि काय सांगावं, सिद्धोधनला आनंद झाला. इतक्या दिवसांत कप विसळणाऱ्या त्या माणसाचा एकही दोष सापडला नव्हता, आज ढळढळीत सापडला. इज्जत पणाला लागलेली, बायकोनं जाब विचारलेला, आणि हा माणूस मनातल्या मनात उड्या मारत होता. मत्सर माणसाला असा वेडा करतो.

चार वाजता विहारासमोर सगळे जमले. गुरुजी खुर्चीवर. बाया एका बाजूला, त्यांच्यात नीलम, केस घट्ट आवळून बांधलेले. सरजाबाई काठी घेऊन पुढंच बसलेली. धम्मपाल मागं भिंतीला टेकून उभा.

सिद्धोधन उभा राहिला. "गुरुजी, मी कुनाच्या घरात बगितलं न्हाई. पर बगनारा कोन ते सांगतो." त्यानं मागं बोट केलं. "ह्यो धम्मपाल. पुन्यात हेच शिकून आलाय. माझं नाव घालवायचं, गाव हातात घ्यायचं, म्हून केलं ह्यानं. पुरावा पायजे? सगळ्या गावातला एकच कॅमेरा शाबूत हाय, ह्याच्या सासूचा. कामून? तर त्याचा शब्द ह्यानं चोरून बदललाय. माझा शब्द तिथं चालना. मी बदलला न्हाई, मला मालूम न्हाई, बुद्धाच्या पुढं सांगतो. मग कुनी बदलला?"

सगळ्यांच्या माना धम्मपालकडं वळल्या.  त्यानं एकदा सरजाबाईकडं बघितलं आणि नजर खाली घातली. सिद्धोधनला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात सरजाबाई काठी टेकून उठली. "अवं जावईबापू, असं काय करायलेत? तुमीच तर पाठवलतं की ह्यान्ला!"

"मी?"

"तुमीच! हे घरी आले अन् मनले, मामी, भाऊंनी पाठवलंय, भाऊ सगळ्या गावाचे शब्द बदलनार हायेत, पैला मान सासूचा म्हून तुमच्यापासून सुरू करा मनले. मी लय खूश झाले. शेजारनीला सांगितलं, हापशावर सांगितलं, माजा थोरला जावई लय जिम्मेदार मानूस. ह्या कस्तुराबाईला इचारा."

कस्तुराबाईनं मान डोलावली. सांगितलं होतं खरं.

 तेव्हा धम्मपाल पहिल्यांदा बोलला, तसाच हळू. "भाऊ विसरले असतील. कामाच्या घाईत बोलून गेले व्हते. बाकीच्या घरी जायचं राहून गेलं, एवढंच."

सिद्धोधननं त्याच्याकडं बघितलं. धम्मपालनं वाट करून दिली होती. नुसतं "हां, विसरलो" म्हणायचं. गुरुजी मान हलवतील, लोक म्हणतील ॲडमिन बिचारा करणारच होता, उशीर झाला. नाव राहील. आत्ता ह्या माणसावर भर सभेत चोरीचा आळ घेतला, आणि हा आपल्याला वाचवायलाय!

पुन्हा नळीच. गुपचूप, हळूच, ताटात आणून ठेवलेली.

सिद्धोधनच्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्याला खोटं बोलणंच जमेना. ह्याच्या हातचं घेऊन मोठं व्हायचं? त्यापेक्षा मातीत गेलेलं बरं! चांगुलपणा सुचला म्हणून तो खरं बोलला असं कुणी समजू नये. तो हेव्यानं खरं बोलला.

"न्हाई," तो ओरडला. "मी न्हाई पाठवलं! खोटं बोलायलाय ह्यो. मला ह्यानं दोनदा सांगितलं की शब्द बदला, बाहेरचं दार लावा. मी न्हाई बदलला. ह्यानं सांगितलं म्हून न्हाई बदलला. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर बदलला असता. ऐका, ऐका सगळे! मी ॲडमिन-बिॲडमिन कुनी न्हाई. ते नाव कारखान्यातलं हाय. साऱ्या दुनियेच्या डब्यान्ला तेच हाय."

तो एकदम खाली बसला. बसल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

गुरुजींनी चष्मा काढला. "धम्मपाल, मग हे केलं कुणी?"

"कुनीबी, गुरुजी," धम्मपाल म्हणाला. "झरीचं नावबी न ऐकलेल्यानं. जगभर अशी यंत्रं सोडून ठिवलेली असतात. ती दारं ढकलत फिरतात. कारखान्यातला शब्द टाकून बगतात. दार उघडलं की आत माणूस शिरतो. त्याला ना गुरुजी मालूम, ना नीलमताई."

नीलम उठली. ती सरळ सिद्धोधनपुढं येऊन उभी राहिली. "म्हंजी तुमी बगत नव्हता."

"न्हाई, ताई." त्याला वर बघवेना. "पर बगनाऱ्याला दार मीच उघडं ठिवलं."

तिनं पदर खोचला. "मग चला. आत्ता चला. माझ्या घरचा शब्द मी ठरवनार. तुमाला सांगनार न्हाई."

असे ते दोघं साडू घरोघर निघाले. कुठल्या घरात डबा कुठं आणि तार कुठून गेली ते सिद्धोधनलाच ठाऊक, तारा त्यानंच ओढलेल्या. बाहेरचं दार कसं लावायचं ते धम्मपालला माहीत होतं. पहिलं घर नीलमचं. शब्द टाकायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "सिद्धोधनभाऊ, तिकडं बगा." नावानं हाक. त्यानं मान फिरवली. मागं मोबाइलवर तिची बोटं टकटक वाजली आणि ते घर त्याच्या हातून सुटलं. कस्तुराबाईचं सुटलं. व्यंकटरावांचं सुटलं. तिसऱ्या घरापासून सांगायची गरज राहिली नाही, तोच तोंड फिरवायचा. बाजेवर पडून आता कुणाचंही नेट चालू करता येणार नव्हतं. प्रत्येक घरी जावं लागणार होतं, आणि दाराशी उभं राहून, येऊ का म्हणून विचारावं लागणार होतं.

वाटेत त्याच्यानं राहवलं नाही. "मामीच्या कॅमेऱ्याचा शब्द काय ठिवलास तू?"

"मला मालूम न्हाई, भाऊ. त्यांनीच टाकला."

सिद्धोधन चालता चालता थांबला. म्हणजे ह्या माणसाकडं एका घराचीही चावी नव्हती. सासूच्यासुद्धा नाही. आणि हाच गावाला हवा होता, हाच सासूला हवा होता. आपण सगळ्या चाव्या कमरेला बांधून हिंडलो आणि आपल्या तोंडावर कडी पडली. आता तरी हेवा संपायला हवा होता. पण तो संपला नाही. उलट आतापर्यंत निदान कारणं शोधावी लागत होती, आता कारण समोर चालत होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला शेवटचं घर उरलं, त्याचं स्वतःचं. धम्मशीला दारातच होती. विहारासमोर जे झालं ते तिनं बायांत बसून ऐकलं होतं. तिनं दोघांना पाणी दिलं. सिद्धोधननं डबा उघडला, जुना शब्द पुसला आणि नवा टाकायला सवयीनं बोट उचललं.

"आना इकडं," ती म्हणाली.

"आपलंच घर हाय की."

"म्हूनच." तिनं मोबाइल त्याच्या हातातून घेतला. "तोंड तिकडं करा."

तो भिंतीकडं वळला. धम्मपाल आधीच भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.